गाडीच्या आतले दिवे एलईडी केल्यानंतर : एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक मे महिना

गाडीच्या आतले पिवळे बल्ब काढून तिथे एलईडी बसवणे हे तसे अर्ध्या तासाचे आणि थोड्याशा पैशांचे काम आहे. त्यावर लांबलचक लिहावे असे त्यात काय आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु बसवल्याच्या रात्री झालेले मत आणि पावसाळा, हिवाळा व उन्हाळा असे तिन्ही ऋतू पाहून झाल्यावरचे मत यांत बरेच अंतर पडते, आणि हे अंतर सांगणारे लेखन फारसे वाचायला मिळत नाही. पहिल्या रात्री दार उघडताच लख्ख उजेड पडतो आणि तेवढ्यावर माणूस खूश होतो. माझे मत आता असे झाले आहे की गाडीच्या आत उजेड किती पडतो यापेक्षा तो कोणत्या रंगाचा आहे आणि नेमका कुठे पडतो याला जास्त महत्त्व आहे; दुकानात सर्वांत प्रखर म्हणून दाखवला जाणारा बल्ब पुढच्या छतासाठी बहुधा सर्वांत अयोग्य असतो.

आमची गाडी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. तिच्यात दोनच दिवे आहेत : आरशाच्या मागे छताला एक आणि डिकीत बाजूच्या अस्तराला एक. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत मॉडेल बदलले की दिव्यांचे होल्डरही बदलतात, आणि नाव वाचून बल्ब मागवणाऱ्याची फसगत होते. त्यापेक्षा जुना बल्ब बाहेर काढून पट्टीने मोजावा. छतातला बल्ब बहुतेक गाड्यांत दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेल्या काचेच्या नळीसारखा असतो. त्याला फेस्टून म्हणतात आणि तो ३१, ३६, ३९ व ४१ मिलिमीटर अशा लांब्यांत मिळतो. दुसरा प्रकार टोपी नसलेला, चपट्या काचेच्या बुडाचा. पाकिटावर त्याचे नाव टी-१० असते, पण दुकानात ‘पार्किंग बल्ब’ म्हटले की लगेच हातात पडतो. माझ्या गाडीत छताला पहिला आणि डिकीत दुसरा आहे. छतातल्या बल्बच्या टोपीवर १२ व्होल्ट, १० वॅट असे कोरलेले होते, तर डिकीतला ५ वॅटचा होता.

पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठेत गेले की पर्यायांची कमतरता पडत नाही. फिलिप्स, ओसराम अशा जुन्या कंपन्यांचे आतल्या दिव्यांसाठीचे एलईडी तिथे आहेत, तसेच पारदर्शक पिशवीत जोडीने मिळणारे बिननावाचेही आहेत, आणि दोन्हींच्या किमतींत अनेक पटींचा फरक आहे. दुकानदार आपल्याला आधी काय दाखवतो, तर ज्यावर जास्तीत जास्त चिप, म्हणजे उजेड देणारे बारीक ठिपके, दाटीवाटीने बसवलेले आहेत तो बल्ब. मी छतासाठी ४००० केल्व्हिनच्या आसपासचा, म्हणजे पिवळसर छटा राखणारा पांढरा बल्ब घेतला आणि डिकीसाठी ६००० केल्व्हिनचा शुभ्र घेतला. (केल्व्हिन हे इथे उजेडाच्या रंगाचे माप आहे, प्रखरतेचे नव्हे; आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर.) तुलनेसाठी म्हणून बिननावाच्या, निळसर पांढऱ्या फेस्टूनची एक जोडीही आणली. त्यांतला एक मी काही आठवडे स्वतःच्या छतात लावून पाहिला आणि पुढे ती जोडी नागपूरला मेव्हण्यांच्या गाडीत गेली. तिची हकिगत पुढे येईलच.

बसवण्याच्या कामात एकच गोष्ट धोक्याची आहे आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत छताच्या दिव्याच्या होल्डरला बॅटरीचा प्लस कायम जोडलेला असतो. दाराचे बटण किंवा दिव्याचा खटका फक्त मायनसची बाजू जोडतो वा तोडतो. म्हणजे दिवा बंद असला तरी होल्डरच्या एका क्लिपमध्ये १२ व्होल्ट हजर असतात. अशा वेळी लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने बल्ब उचकटताना त्याचे टोक क्लिप आणि छताचा पत्रा या दोघांना एकदम लागले की फ्यूज उडतो, आणि त्याच फ्यूजवर पुष्कळदा घड्याळ व टेपची मेमरीही असते. म्हणून दिव्याचा फ्यूज काढून ठेवावा किंवा बॅटरीची मायनसची वायर सोडावी. झाकण काढायला प्लॅस्टिकची पट्टी, अगदी जुने एटीएम कार्डसुद्धा चालते. आमच्या दिव्याचे झाकण मधोमध पिवळे पडून किंचित आत वाकलेले होते. तापलेल्या बल्बच्या अगदी वर येणारा तेवढाच गोल भाग रापलेला होता आणि कडा मात्र नव्यासारख्या होत्या. साध्या बल्बला दिलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जाते, हे पुस्तकात वाचलेले असते. ते त्या झाकणावर उमटलेले दिसले.

एलईडीला प्लस-मायनसची बाजू असते. बसवला आणि लागला नाही तर तो खराब आहे असे समजू नये. काढून टोके उलटी करून बसवावा. चांगल्या बल्बमध्ये दोन्ही बाजूंनी चालेल अशी सोय आतच असते. फेस्टून एलईडी बहुधा एकाच अंगाने उजेड देतो, त्यामुळे चिपची बाजू खाली, झाकणाकडे येईल असा तो क्लिपमध्ये फिरवून घ्यावा लागतो. साधा बल्ब चहूकडे उजेड फेकतो आणि मागची चकचकीत वाटी तो परतवते. एलईडीला त्या वाटीचा काही उपयोग नसतो. परिणामी मागच्या सीटच्या कोपऱ्यांत उजेड वाढतो खरा, पण अपेक्षेएवढा नाही. झाकण दुधी असेल तर तरी बरे. रेघारेघांच्या पारदर्शक झाकणातून चिपचे वेगवेगळे ठिपके दिसतात आणि ते डोळ्यांना बोचतात.

आता विजेचा हिशेब. मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा छतातला जुना बल्ब सुमारे ०.८ अँपिअर घेत होता आणि नवा एलईडी ०.१ अँपिअरच्या थोडा वर. गाडी चालू असताना या फरकाला काही अर्थ नाही. आतल्या दिव्यांमुळे पेट्रोल वाचेल असे कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्यावे. अर्थ आहे तो गाडी बंद असताना. आमच्या जुन्या गाडीत दार नीट लागले नाही तर दिवा आपोआप बंद होण्याची सोय नाही. दहा तासांत जुना बल्ब ८ अँपिअर-तास ओढतो, आणि छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची. ती तीन-चार वर्षांची झालेली असेल, थंडी असेल, तर एवढ्या ओढीनंतर सकाळी स्टार्टर नुसता कण्हतो. एलईडी त्याच दहा तासांत सव्वा अँपिअर-तासाच्या आत राहतो. डिसेंबरात मुलाने मागचे दार अर्धवट लावून ठेवले आणि दिवा रात्रभर जळत राहिला. सकाळी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे, आणि पाकिटावर तो कधीच ठळकपणे छापलेला नसतो.

रंगाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण लोक इथेच घाई करतात. साधा बल्ब २७०० केल्व्हिनच्या आसपासचा पिवळा उजेड देतो. त्या उजेडात २० ची हिरवट पिवळी नोट आणि २०० ची पिवळी नोट घाईत ओळखताना मला नेहमी अंक वाचावा लागे. पार्किंगवाल्याला पैसे देताना ही अडचण आता येत नाही. आईच्या गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक छापलेली मुदत पूर्वी मोबाइलची टॉर्च लावून वाचावी लागे, ती आता छताच्या दिव्यात वाचता येते. ४००० केल्व्हिनच्या बल्बने ही दोन्ही कामे होतात. निळसर पांढऱ्या बल्बनेही झाली, पण माणसांचे चेहरे मात्र आजारी दिसू लागले. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फरचा लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. स्वस्त बल्बमध्ये हा लेप असा असतो की उजेडात लाल रंगाचा वाटा फार कमी पडतो, आणि कातडीचा रंग, लाल शालू, सीटवरचा चहाचा डाग असे सगळे फिके व राखाडी दिसते. लग्नाला निघालेल्या मंडळींनी गाडीतल्या आरशात पाहून कपाळावरची टिकली तीनदा बदलली, त्यात दोष त्या बल्बचा होता.

याहून महत्त्वाचा मुद्दा रात्रीच्या रस्त्याचा आहे. ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरताना मैलोन्‌मैल रस्त्यावर दिवा नसतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि अंधारात पाहणाऱ्या डोळ्यातल्या पेशी निळसर-हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त, तर लाल उजेडाला जवळजवळ काहीच प्रतिसाद देत नाहीत. जहाजाच्या सुकाणूच्या खोलीत रात्री लाल दिवा ठेवतात तो याच कारणाने. शेजारी बसलेल्या माणसाने काही शोधायला छताचा दिवा क्षणभर लावला तर प्रखर निळसर बल्बने पुढच्या काचेवर डॅशबोर्डचे पांढरे प्रतिबिंब उमटते, आणि दिवा बंद केल्यावरही काही वेळ रस्त्याची कड दिसत नाही. जुन्या मिणमिणत्या बल्बने हा त्रास नव्हता, हे त्याच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. ४००० केल्व्हिनच्या माफक बल्बने तो जुन्यापेक्षा थोडा जास्त होतो, पण सहन होण्याजोगा आहे. निळसर बल्ब असताना आम्ही घाटात दिवा न लावण्याचा नियमच करून टाकला होता. लागूच नये असा दिवा छताला लावून ठेवण्यात काय हशील?

नागपूरला गेलेल्या जोडीची हकिगत अशी. स्वस्त बल्बची रचना साधी असते : प्रत्येकी तीन व्होल्टच्या आसपास लागणाऱ्या तीन चिप एकापुढे एक जोडायच्या आणि उरलेला विजेचा दाब एका बारीक रेझिस्टरवर, म्हणजे प्रवाह अडवणाऱ्या भागावर, टाकायचा. इंजिन बंद असताना बॅटरीचा दाब १२.४ व्होल्टच्या जवळपास असतो, म्हणजे रेझिस्टरवर तीन व्होल्ट येतात. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर बॅटरी चार्ज करू लागला की तोच दाब १४.२ च्या घरात जातो आणि रेझिस्टरवर पाचेक व्होल्ट पडतात. प्रवाह दीडपटीहून अधिक वाढतो आणि रेझिस्टरमधली उष्णता अडीचपट होते. त्यात हा दिवा उन्हात तापलेल्या पत्र्याला अगदी खेटून बसवलेला. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीच्या आत ६० अंशांपुढे सहज जाते. त्या जोडीतला एक बल्ब मेच्या मध्यापासून फडफडू लागला आणि पुढे त्याच्यातल्या तीन-तीन चिपच्या तीन ओळींपैकी एक कायमची गेली. काढून पाहिला तर रेझिस्टरभोवतीची पांढरी पाटी तपकिरी झाली होती आणि एका चिपचे डाग, म्हणजे सोल्डरचे सांधे, सुटलेले होते. पाकिटावर ५०,००० तासांचे आयुष्य लिहिले होते. असले आकडे थंड राहिलेल्या चिपचे असतात. त्यात रेझिस्टर, डाग आणि आपला उन्हाळा धरलेला नसतो. माझ्या छतातल्या बल्बमध्ये प्रवाह कायम ठेवणारी सोय आहे. इंजिन सुरू केले तरी उजेडात फरक दिसत नाही, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात त्याला काही झाले नाही. अर्थात पुण्याचा उन्हाळा म्हणजे नागपूरचा नव्हे, हे मेव्हण्यांनी ऐकवलेच.

त्यांच्याच गाडीत आणखी एक प्रकार दिसला. ती गाडी नवी, दार लावल्यावर दिवा हळूहळू मंद होत विझणारी. एलईडी बसवल्यावर तो मंद होता होता शेवटी झटक्यात विझू लागला, आणि विझल्यावरही रात्री निरखून पाहिले तर चिप काजव्याएवढ्या लुकलुकत होत्या. याचे कारण असे की अशा गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिवा बंद असतानाही अगदी किंचित प्रवाह सोडत असते. साध्या बल्बची तार त्याने तापतही नाही, पण एलईडीला तेवढा पुरतो. यावर उपाय स्वस्त आहे. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत किरकोळ किमतीला मिळणारा १ किलोओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर बल्बच्या दोन्ही टोकांना समांतर जोडला की लुकलुकणे थांबते. ज्यांना डाग देता येत नाही त्यांनी पाकिटावर ‘कॅनबस’ लिहिलेला बल्ब घ्यावा. त्यात हा भार आतच असतो, मात्र त्यामुळे तो साध्या एलईडीपेक्षा जास्त तापतो.

पावसाळ्याने वेगळीच परीक्षा घेतली. जुलैत गणपतीपुळ्याकडे बरेच दिवस गाडी उघड्यावर होती. परत आल्यावर छताचा दिवा खड्ड्यात लागायचा आणि सपाट रस्त्यावर विझायचा. क्लिपच्या आतल्या बाजूला हिरवट थर बसला होता, आणि एलईडीच्या टोप्या जुन्या बल्बपेक्षा किंचित आखूड असल्याने पकडही सैल होती. फ्यूज काढून क्लिप बारीक पॉलिश पेपरने घासल्या, चिमट्याने हलकेच आत वळवल्या आणि दिवा पुन्हा नीट चालू लागला. १० वॅटचा बल्ब सैल असला तरी जास्त प्रवाहामुळे थोडाफार चालून जात असावा, असा माझा अंदाज आहे. एलईडीला मात्र पकड घट्टच हवी. चिकटपट्टीने लावायच्या चौकोनी एलईडी पट्ट्या मी याच कारणाने घेतल्या नाहीत. त्या वजनाला जड असतात आणि उन्हाने चिकटपट्टीचा गोंद सुटला की वायरसकट झाकणात येऊन पडतात.

रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी एक लहानशी सूचना. प्रवाह कायम ठेवणारी काही स्वस्त सर्किटे रेडिओत खरखर निर्माण करतात. एफएमवर ती सहसा जाणवत नाही, पण मीडियम वेव्हवर आकाशवाणी पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झला लावून दिवा लावला-विझवला की बल्बची जात लगेच कळते. माझ्या बल्बने खरखर होते, पण फार नाही, आणि दिवा लावून बातम्या ऐकण्याचा प्रसंगही क्वचितच येतो.

डिकीविषयी मात्र माझी काहीच तक्रार नाही. तिथे चालकाच्या डोळ्यांचा प्रश्न नाही, काळे अस्तर उजेड गिळून टाकते, आणि ५ वॅटच्या साध्या बल्बचा सारा उजेड जेमतेम ५० ल्यूमेन. शुभ्र एलईडीने डिकीचा तळ, स्टेपनीखालचा जॅक आणि पान्याची पिशवी स्पष्ट दिसते. पूर्वी सामान दिव्याला टेकले तर त्याचे झाकण हात लावू नये एवढे तापायचे. आता ते कोमट होते, त्यापलीकडे काही नाही. एकच गोष्ट सुधारता आलेली नाही : दिवा बाजूला असल्याने मोठी बॅग ठेवली की उजेड अडतो, आणि यावर कितीही प्रखर बल्ब लावून इलाज होत नाही. कोकणात रात्री डिकी उघडी ठेवली तर या शुभ्र उजेडावर पाखरे भराभर जमतात. छताच्या पिवळसर दिव्यावर ती कमी येतात. दुरुस्तीला थांबण्याची वेळ आली तर हा फरक लहान वाटत नाही.

पैशांच्या दृष्टीने पाहता छतासाठी थोडा जास्त खर्च करावा आणि डिकीत स्वस्तातला बसवला तरी चालेल. डिकीचा दिवा दिवसातून काही क्षण लागतो आणि पत्र्याखाली तापतही नाही. ज्यांच्या गाडीत दिवे आधीच पुरेसे आहेत, दार लावल्यावर ते आपोआप विझतात आणि बॅटरी नवी आहे, त्यांनी केवळ हौस म्हणून हे करायचे असेल तर अवश्य करावे, पण फार फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. जुन्या गाडीवाल्यांनी मात्र करावेच. बिल जपून ठेवावे आणि काढलेले साधे बल्ब कागदात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावेत. प्रवासात एलईडी गेला तर आडगावी त्या मापाचा मिळेलच असे नाही. नंबर प्लेटचा दिवाही टी-१० च असल्याने उरलेला एलईडी तिथे लावण्याचा मोह होतो, पण बऱ्याच पाकिटांवर तो बाहेरच्या दिव्यांसाठी नाही असे छापलेले असते आणि पावसाचे पाणी त्याच्या उघड्या पाटीवर थेट येते. मी तिथे ५ वॅटचा साधाच बल्ब ठेवला आहे.